बायबलचं भक्तिपर वाचन आणि रोजच्या जगण्यात त्याचा उपयोग

बायबलचं भक्तिपर वाचन म्हणजे पवित्र शास्त्रातला छोटासा भाग रोज घ्यायचा, प्रार्थना करून सावकाश वाचायचा, त्यावर मनन करायचं आणि मग त्यातलं आज आपल्याला काय करायचंय ते ठरवायचं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याला बऱ्याचदा नुसतं ‘क्वाएट टाइम’ किंवा ‘मनन’ म्हणतात, कॅथलिक परंपरेत याचं जुनं रूप ‘लेक्सिओ डिव्हिना’ (लॅटिनमध्ये ‘पवित्र वाचन’) या नावाने चालत आलंय. अभ्यासकाचं वाचन वेगळं, तिथे मूळ भाषा, हस्तलिखितं, इतिहास असा सगळा पसारा असतो. पण या दोन वाचनांचं एकमेकांशी वाकडं आहे असं समजून लोक अभ्यास पूर्ण सोडूनच देतात आणि गडबड नेमकी तिथेच होते.

सवय तशी खूप जुनी. वचनावर रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात पहिल्याच स्तोत्रात आहे. ६व्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासींसाठी जी नियमावली लिहिली तिच्यात कामाच्या तासांसोबत वाचनाचेही तास ठरवून दिलेत. १२व्या शतकात गीगो दुसरा या कार्थुसियन मठाधिपतीने चार पायऱ्या मांडल्या, वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर नुसतं शांत बसणं. सामान्य माणसाच्या हातात पुस्तक आलं ते मात्र छपाई आणि धर्मसुधारणेनंतर. जर्मनीत स्पेनर या प्रोटेस्टंट धर्मगुरूने १६७५ मध्ये लोकांनी घराघरांत जमून शास्त्र वाचावं असा आग्रह धरला, मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीने १७३१ पासून रोजच्या वचनांची छापील पुस्तिका काढली जी आजही दरवर्षी निघते, आणि कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली सगळ्याच विश्वासणाऱ्यांना वारंवार शास्त्र वाचायला सांगितलं.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीतच. आजचे अध्याय १३व्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मगुरूने पाडले असं मानतात आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये. यामुळे रोज थोडं थोडं वाचणं सोपं झालं हे खरंच, पण एकेक वचन सुटं काढून भिंतीवर लावायची सोयही यातूनच झाली. यिर्मया २९:११ (म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकातला २९वा अध्याय, ११वं वचन) घ्या, देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत म्हणून हे वचन परीक्षेला, नोकरीला, कशालाही वापरतात. ते एका पत्रातलं आहे, बाबेलला बंदिवान करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या, आणि एकच वचन मागे गेलं की तिथे सत्तर वर्षं थांबा असं लिहिलंय! म्हणजे ते ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाण्याआधीच मरणार होते. फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तेच, ‘मी सर्व काही करू शकतो’ हे प्रेषित पौल कैदेतून लिहितोय, आणि विषय जिंकण्याचा नाहीये, पोट भरलेलं असो की उपाशी असो, समाधानाने राहण्याचा आहे.

म्हणून पद्धत कुठलीही घ्या, क्रम बदलू नये. आधी हे कोणी कोणाला आणि का लिहिलं, मग यातून देवाबद्दल आणि माणसाबद्दल काय कळतं, आणि माझं काय ते सगळ्यात शेवटी. गोष्ट आणि आज्ञा यात फरक असतो हेही बघावं लागतं. गिदोनाने लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली म्हणून आपणही निर्णय घेताना तसंच करावं असं शास्ते या पुस्तकाचा ६वा अध्याय सांगत नाही, तिथे फक्त काय घडलं ते दिलंय. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट ठेवायचं हाही लोकांचा आवडता प्रकार. पुढे संत म्हणून मान्य झालेल्या ऑगस्टिनने ३८६ मध्ये मिलानच्या बागेत पौलाची पत्रं अशीच उघडली आणि रोमकरांस १३ मधल्या ओळींनी त्याचं आयुष्य पालटलं, पण त्याआधी कित्येक वर्षं तो याच प्रश्नांशी झगडत होता हे सांगायचं राहून जातं.

उपयोग ठरवताना बहुतेक नोंदवह्यांत ‘मी जास्त प्रेमळ व्हायला हवं’ छापाची वाक्यं असतात आणि त्यातून काहीच होत नाही. मत्तय ५:२३-२४ किती थेट आहे बघा, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे कोणाला फोन करायचा आणि आजच करायचा, इतकं ठरलं पाहिजे. जुन्या नियमांत एक पायरी वाढते. लेवीय या जुन्या करारातल्या पुस्तकात १९व्या अध्यायात शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा असं आहे, आता ज्याला शेतच नाही त्याने यामागचं तत्त्व धरायचं, पगारातला किंवा वेळेतला शेवटचा कण स्वतःसाठी वेचून घ्यायचा नाही.

किती वाचायचं? मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने १८४२ मध्ये केलेल्या प्लॅनमध्ये रोज साधारण चार अध्याय येतात, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. नवख्याला ते जड जातं, लेवीयपर्यंत पोचून बरेच जण सोडतात. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय निवांत वाचावेत, किंवा नीतिसूत्रांचे ३१ तारखेप्रमाणे. आणि रोज काहीतरी करायचं निघालंच पाहिजे असंही नाही, स्तोत्र ८८ शेवटपर्यंत अंधारातच राहतं, ते फक्त प्रार्थना म्हणून म्हणायचं.

एकट्याने वाचताना आपल्याला सोयीचा अर्थ पटकन सापडतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी तोच भाग चारचौघांत वाचावा, तिथे कोणीतरी ‘हे इथे नक्की लिहिलंय का?’ म्हणून विचारतंच.