सरकारी तोतयेगिरी : फोन व ईमेलवरील फसवणूक ओळखणे

पोलीस, केंद्रीय अन्वेषण विभाग (सीबीआय), सक्तवसुली संचालनालय (ईडी), सीमाशुल्क व प्राप्तिकर विभाग, दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) किंवा न्यायालय यांच्या नावाने फोन अथवा ईमेल करून, कारवाईचा धाक किंवा परताव्याचे आमिष दाखवून पैसे वा खासगी माहिती काढून घेण्याच्या गुन्ह्याला सरकारी तोतयेगिरी म्हणतात. माणसाला व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ अडकवून ठेवण्याच्या त्याच्या सर्वांत क्रूर प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ हे नाव रूढ झाले असले, तरी अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अरेस्ट व तत्सम गुन्ह्यांची २०२२ मध्ये सुमारे ४० हजार प्रकरणे नोंदली गेली होती. २०२४ मध्ये ती १ लाख २३ हजारांवर गेली आणि त्या एका वर्षात लोकांनी १,९०० कोटींहून अधिक रुपये गमावले.

या गुन्ह्यात मुंबईचे नाव फार वापरले जाते. देशात कुठेही फोन करताना ‘मुंबई क्राइम ब्रँच’ किंवा ‘मुंबई कस्टम्स’ अशी ओळख वारंवार सांगितली जाते, कारण बंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय आणि मोठ्या बँका या एकाच शहरात असल्याने, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याची किंवा खात्यातून काळा पैसा फिरल्याची कथा मुंबईच्या नावावर सहज खपते. खुद्द मुंबईकराला फोन येतो, तेव्हा मात्र गुन्हा अनेकदा दिल्ली, लखनौ अशा दूरच्या शहरात दाखल झाल्याचे सांगितले जाते, ‘दोन तासांत हजर व्हा’ असे पाळताच न येणारे फर्मान सुटते आणि मग सवलत दिल्याच्या थाटात व्हिडिओ कॉलवर जबाब नोंदवण्याचा पर्याय पुढे केला जातो. दूरचे शहर निवडण्यामागचा हेतू उघड आहे. प्राप्तिकर खात्याचे आयकर भवन चर्चगेटजवळ आहे, सीमाशुल्क विभागाचे कार्यालय बॅलार्ड इस्टेटमध्ये आहे आणि तेथे जाऊन चौकशी करणे मुंबईकराला अवघड नाही. तसे त्याने करू नये, हीच तोतयाची गरज असते.

फोनचा क्रम बहुतेक वेळा ठरलेला असतो. प्रथम ध्वनिमुद्रित संदेश येतो, की तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार असून अधिक माहितीसाठी ९ दाबा. ट्राय कोणाचाही क्रमांक बंद करण्यासाठी असा फोन करत नाही. ९ दाबल्यावर बोलणारा ‘अधिकारी’ तुमच्या आधारवर घेतलेल्या दुसऱ्या क्रमांकावरून गैरकृत्ये झाल्याचे सांगतो आणि फोन ‘पोलिसांकडे’ वळवतो. त्यानंतर व्हॉट्सॲपसारख्या माध्यमावर गणवेशातील माणूस दिसतो, त्याच्यामागे बोधचिन्ह व झेंडा असतो, वायरलेसचा आवाज ऐकू येतो आणि अटकेचे वॉरंट पडद्यावर झळकते. २०२४ मध्ये एका ज्येष्ठ उद्योगपतीसमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणीही उभी करून त्यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळण्यात आले. तेव्हा शिक्षण, व्यवहारज्ञान किंवा प्रतिष्ठा यांमुळे माणूस आपोआप सुरक्षित होतो असे समजणे चुकीचे आहे, आणि फसलेल्या व्यक्तीला भोळी किंवा लोभी ठरवणे तर अन्यायाचेच आहे. समोरच्याला आपले नाव, पत्ता, आधारचे शेवटचे अंक ठाऊक आहेत, यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण अशी माहिती ठिकठिकाणांहून फुटून विकली जाते. पडद्यावर दिसणारा क्रमांकही बनावट असू शकतो.

म्हणून फसवणूक ओळखताना समोरच्याचे रूप आणि त्याला असलेली माहिती यांपेक्षा तो सांगत असलेली कार्यपद्धती तपासणे अधिक भरवशाचे ठरते, आणि त्यातही गुप्ततेची सक्ती ही सर्वांत मोठी खूण आहे. ‘कॅमेरा बंद करू नका, खोलीबाहेर जाऊ नका, मुलांना सांगितलेत तर त्यांनाही अटक होईल’ अशा आज्ञा देऊन माणसाला घरातल्या घरात एकटे पाडले जाते. कायद्याची रीत याच्या अगदी उलट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या पोलिसाने आपले नाव स्पष्ट दिसेल असे धारण करावे लागते, अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घ्यावी लागते आणि अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावी लागते. अटक झालेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे आणि तिला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. संहितेच्या कलम ३५ अन्वये हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये, असेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरी खूण पैशाची. चौकशीसाठी सर्व रक्कम ‘रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील खात्यात’ पाठवा, पडताळणी झाली की परत मिळेल, असे सांगितले जाते. रिझर्व्ह बँक सामान्य नागरिकांची खाती ठेवत नाही, आणि कोणतीही तपास यंत्रणा निर्दोषत्व पटवण्यासाठी पैसे हस्तांतरित करायला सांगत नाही. दिलेले खाते प्रत्यक्षात भाड्याने घेतलेले असते आणि रक्कम तेथून काही मिनिटांत अनेक खात्यांत विखुरली जाते. मुदत ठेव मोडताना बँकेतील कर्मचाऱ्याने विचारलेच, तर घर घेत आहोत असे उत्तर द्या, इथपर्यंत पढवलेले असते. दक्षिण मुंबईतील एका वयोवृद्ध महिलेकडून २०२४ च्या अखेरीपासून मार्च २०२५ पर्यंत अशा रीतीने २० कोटींहून अधिक रुपये घेतले गेले.

ईमेलमध्ये हाच धाक कागदी रूपात येतो. राजमुद्रा, शिक्का, वरिष्ठ अधिकाऱ्याची सही आणि बाल लैंगिक शोषणाच्या चित्रफिती पाहिल्याचा आरोप असलेली बनावट समन्स मोठ्या प्रमाणावर पाठवली गेली आहेत. बदनामीच्या भीतीने माणूस ते कोणाला दाखवत नाही, आणि आरोपाची निवड त्यासाठीच केलेली असते. अशा वेळी पाठवणाऱ्याचे ठळक दिसणारे नाव न वाचता पूर्ण पत्ता उघडून त्याचा शेवट पाहावा. केंद्र व राज्य सरकारांचे अधिकृत पत्ते सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ यांवर संपतात. ‘जीओव्ही’च्या आधी टिंब किंवा ‘ॲट’चे चिन्ह असले पाहिजे, तेथे आडवी रेघ असेल, तर तो पत्ता कोणीही विकत घेतलेला असू शकतो. पत्ता बरोबर दिसला तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण तोही बनावट दाखवता येतो. प्राप्तिकर विभागाच्या पत्रव्यवहारावर १ ऑक्टोबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक (डीआयएन) असतो आणि विभागाच्या संकेतस्थळावर लॉग-इन न करताही तो पडताळता येतो. मात्र त्यासाठी ईमेलमधील दुवा न वापरता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा. कराचा परतावा थेट नोंदवलेल्या बँक खात्यात जमा होतो, त्यासाठी पिन, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील लागत नाही.

आज रात्री वीज किंवा गॅस तोडला जाईल, वाहनाचे ई-चलान थकले आहे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला अद्ययावत करा, हे संदेश याच कुळातले असून त्यांच्यासोबत बहुधा एपीके फाइल (अँड्रॉइड मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल) येते. ती मोबाइलवर बसवली, की येणारे ओटीपी गुन्हेगाराला वाचता येऊ शकतात.

संशय येताच फोन तोडणे हा गुन्हा नाही. त्यानंतर कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून विचारणा करावी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. पैसे गेले असतील, तर क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी माहिती मिळाली तरच बँका ती गोठवू शकतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा मुंबई पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यांतही तक्रार देता येते. पैसे गेले नसतील, तर संशयास्पद फोन व संदेश दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेवर नोंदवावेत. लोकसेवकाची तोतयेगिरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून केलेली फसवणूक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली शिक्षापात्र आहे. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून लाज किंवा संताप वाटला तरी संभाषण, ईमेल, खाते क्रमांक आणि व्यवहाराचे संदर्भ क्रमांक पुसून टाकू नयेत.