प्लगिनची झिप आणि प्लगिनचे वितरण

क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-प्रणालीसाठी प्लगिन, म्हणजे तिला जोडायचे छोटे पूरक प्रोग्राम, लिहिणारे ‘झिप (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली संकुचित फाइल) तयार झाली’ आणि ‘प्लगिन रिलीज झाले’ ही दोन्ही वाक्ये सर्रास एकाच अर्थाने वापरतात. वास्तविक पहिले वाक्य बांधणीविषयी आहे आणि दुसरे वितरणाविषयी.

बांधणीचे नियम थोडे, पण काटेकोर आहेत. झिपमध्ये सर्वांत वर एकच फोल्डर असावा लागतो आणि त्यात पायथनच्या फाइलींबरोबर प्लगिनचे नाव, आवृत्ती व क्यूजीआयएसची किमान आवृत्ती सांगणारी मेटाडेटाची साधी मजकूर-फाइल लागते. त्या फोल्डरचे नाव हीच प्लगिनची ओळख असल्यामुळे गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून थेट उतरवलेली, फोल्डरच्या नावापुढे ‘-मेन’ चिकटलेली झिप बसवली, तर जुने प्लगिन बदलत नाही. त्याच्याच शेजारी दुसरे येऊन बसते.

वितरणाचा प्रश्न झिप हातावेगळी झाल्यावर सुरू होतो. उत्तर व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील विहिरींची पाणीपातळी नोंदवण्यासाठी मी एक छोटे प्लगिन लिहिले आणि पेन ड्राइव्हवरून पाच सहकाऱ्यांना दिले. विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडून घेतलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायला मी विसरलो होतो. चूक दुरुस्त करून नवी झिप दिली, ती तिघांनी बसवली. उरलेल्या दोघांच्या नोंदी मात्र पावसाळ्यानंतरही कठड्याच्या उंचीइतक्या जास्त खोल येत राहिल्या. दोष बांधणीत नव्हता, कारण दोन्ही झिपा बिनतक्रार बसत होत्या. (परवान्याच्या दृष्टीने पेन ड्राइव्हवरून देणे हेही वितरणच आहे, त्यामुळे जीपीएल या मुक्त परवान्याच्या अटी तिथेही लागू होतात, इथे मी वितरण म्हणतो ते दुरुस्ती मागाहून पोहोचवणारी व्यवस्था या अर्थाने.)

ही व्यवस्था म्हणजे रिपॉझिटरी, प्लगिनांच्या झिपा आणि त्यांच्या आवृत्त्यांची यादी ठेवणारे ऑनलाइन भांडार. क्यूजीआयएसच्या अधिकृत रिपॉझिटरीत प्लगिन द्यायचे तर मूळ कोडचा दुवा व सुसंगत परवाना लागतो, बायनरी (यंत्रभाषेत आधीच रूपांतरित केलेल्या) फाइली चालत नाहीत आणि मंजुरीची वाट पाहावी लागते. ‘प्रायोगिक’ अशी खूण केलेले प्लगिन वापरकर्त्याने तसा पर्याय निवडल्याशिवाय यादीत दिसतही नाही. दोन तालुक्यांपुरत्या कामासाठी एवढा खटाटोप मला अनाठायी वाटला. आपल्याच सर्व्हरवर झिप आणि तिची माहिती देणारी एक्सएमएल फाइल ठेवून तो पत्ता प्रत्येकाच्या प्लगिन मॅनेजरमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसमधील प्लगिन बसवण्याच्या व अद्ययावत करण्याच्या खिडकीत, एकदा भरून दिला की काम भागते.

मात्र मॅनेजर आवृत्तीची तुलना करतो ती त्या एक्सएमएलमधील क्रमांकाशी. झिपमधील मेटाडेटात 0.3 चे 0.3.1 केले आणि एक्सएमएलमध्ये 0.3 तसेच राहिले, तर दुरुस्त झिप सर्व्हरवर असूनही ती आल्याचे कोणालाच कळत नाही.