कालाहारीतील पिवळ्या चोचीचा धनेश आणि तापमानवाढ

बोट्सवाना, नामिबिया व दक्षिण आफ्रिका या देशांत पसरलेल्या कालाहारी या निमवाळवंटात वाढत्या तापमानामुळे पक्ष्यांच्या विणीवर होत असलेल्या परिणामाचे हे ठळक उदाहरण. उष्माघाताने पक्षी टपाटप मरून पडतात असे येथे झालेले नाही; पिल्ले वाढेनाशी झाली आहेत.

दक्षिणी पिवळचोच धनेशाची (टोकस ल्यूकोमेलास) मादी झाडाच्या ढोलीत शिरून तिचे तोंड आतून लिंपून घेते. एक उभी फट तेवढी राहते, तिच्यातून नर अन्न पुरवतो. कोकणातल्या धनेशांचीही रीत हीच. मादी सुमारे 50 दिवस कोंडून राहते. याच काळात तिची उड्डाणपिसे गळतात. म्हणजे मादी आणि पिल्ले, सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी एकट्या नरावर.

पक्ष्यांना घाम येत नाही. हवा साधारण 31° से.च्या पुढे तापली की धनेशाच्या चोचीतला रक्तप्रवाह वाढतो आणि अंगातली उष्णता चोचीवाटे बाहेर पडते. हवा अंगाइतकी तापल्यावर मात्र हा उपाय निकामी होतो. मग चोच उघडून धापा टाकणे आले. किडे टिपायचे तेही याच चोचीने! धापा टाकणाऱ्या नराच्या हाती कमी भक्ष्य लागते.

दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान नदी राखीव क्षेत्रात लावलेल्या लाकडी घरट्यांच्या नोंदी बोलक्या आहेत. 2008–11 या हंगामांत 52 टक्के घरटी वापरात होती; 2016–19 मध्ये 12 टक्के. किमान एक पिल्लू उडवणाऱ्या विणींचे प्रमाण 58 वरून 17 टक्क्यांवर आले. विणीच्या काळातील रोजच्या कमाल तापमानाची सरासरी 35.7° से. किंवा त्याहून जास्त होती, अशी एकही वीण यशस्वी झाली नाही. दुष्काळावर सारा दोष टाकता येत नाही, कारण दुष्काळ नसलेल्या वर्षांतही उष्मा वाढला की यश घटलेले दिसते.

समशीतोष्ण प्रदेशातले कित्येक पक्षी आता वसंतात लवकर अंडी घालू लागले आहेत. धनेशाला ती मुभा नाही. त्याची वीण पावसावर अवलंबून, आणि कालाहारीत पाऊस पडतो तो ऐन उन्हाळ्यात.