ओल्या हळदीचं लोणचं काढायचं का? आधी तुम्हाला विचारतोय

काकू, ताई, दादा, बिलासोबत दिलेला फॉर्म भरायच्या आधी हे दोन मिनिटं वाचा.

पूर्वी नवीन काही करायचं झालं की आम्ही काउंटरवर चव द्यायचो आणि विचारायचो, आवडलं का? आता तोंडावर नाही कोण म्हणणार! जवसाच्या चटणीला सगळ्यांनी मान डोलावली, छान झालीय म्हणाले आणि जाताना नेहमीची शेंगदाण्याचीच घेऊन गेले, शेवटी उरलेली पाकिटं पाव्हण्यारावळ्यात वाटली. आवडणं वेगळं आणि खिशातनं पैसे काढणं वेगळं, हे तेव्हा कळलं.

मोठ्यांचंही असं होतं. 1985 साली कोका-कोलानं नवी चव आणायच्या आधी जवळपास 2 लाख लोकांना चाखायला दिली, जास्त लोकांना नवीच आवडली, पण जुनी बंद झाल्यावर लोक किती चिडतील ते घोटभर चाखून थोडंच कळतंय, एप्रिलमधे नवी आली आणि जुलैत जुनी परत आणावी लागली.

म्हणून फॉर्ममधे "घ्याल का?" हा प्रश्नच नाही. मागच्या तीन महिन्यात कुठलं लोणचं विकत आणलं, किती ग्रॅम, कितीला, का घरीच घातलं, एवढं आठवून लिहा. मग 200 ग्रॅमच्या बरणीचे चार भाव विचारलेत: कितीला परवडेल, कितीला महाग वाटेल पण घ्याल, कितीच्या वर नकोच, आणि किती स्वस्त असली तर मालाचीच शंका येईल. शेवटचा मुद्दाम आहे बरं का, आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय मानांकन, म्हणजे इथलाच खास माल अशी सरकारी ओळख, मिळालंय, फार स्वस्त दिली तर लोक भेसळ समजतात.

फक्त आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारलं तर उत्तरं प्रेमापोटी येतात, म्हणून विश्रामबाग, गणपती पेठ आणि मिरजेतही अनोळखी लोकांकडनं फॉर्म भरून घेतोय. तरी 100 जणांत 60 जण लोणचं विकत आणणारे निघाले तर खरा आकडा 50 ते 70 मधे कुठंही असू शकतो, त्यामुळं पहिला घाणा छोटाच काढणार.

"काय अडचण वाटते" ही जागा मात्र रिकामी सोडू नका. एका ताईंनी लिहिलं, पोरीच्या डब्याला पिवळे डाग पडतात, जात नाहीत, युनिफॉर्मला लागलं तर विचारूच नका. चवीच्या नादात हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आता बारीक किसाऐवजी जाड कापा घालून आणि तेल कमी करून बघतोय.

ओली हळद जानेवारीपासून निघते आणि फार दिवस टिकत नाही, शेतकऱ्याशी आधी बोलावं लागतं, म्हणून फॉर्म डिसेंबर संपायच्या आत काउंटरवरच्या डब्यात टाका, नाव नंबर नको. खरंच घ्यायचं असेल तर 20 रुपये देऊन बरणी बुक करा, लोणचं निघालं नाही तर पैसे परत. नको असेल तर बिनधास्त नको लिहा, फक्त का नको ते एका ओळीत सांगा.