माळव्याची अफू, दमणची वाट आणि ‘चोरटा’ हा शब्द

बिहार-बनारसच्या अफूची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे कशी गेली, हे पुष्कळदा लिहून झालं आहे. माळव्याचं तसं नव्हतं. तिथली शेतं संस्थानांची. १८१८ नंतर वचक इंग्रजांचा बसला, तरी संध्याकाळी बोंडांना चिरा पाडून सकाळी खरवडलेला चीक कुणाला विकायचा, हे सावकार आणि दरबारच ठरवत.

१८२० च्या दशकात कंपनीने आधी स्वतः माल खरेदी केला, मग लागवड आणि वाहतूक आवळण्यासाठी संस्थानांशी करार केले. सगळे दरबार बधले नाहीत. माल पाली, जैसलमेर करत उंटांवरून कराचीला आणि तिथून गलबतांनी दमणला, पुढे चीनला जाऊ लागला.

सरकारी कागदांत हा ‘चोरटा व्यापार’. आपणही तोच शब्द उचलला. पण चोरी नेमकी कुणाची? पीक संस्थानी, सिंध तेव्हा अमिरांचा, दमण पोर्तुगीजांचं. इंग्रजी मुलखात पाऊल न टाकता गेलेला माल इंग्रजांच्या कायद्याने चोरटा कसा ठरतो? (चीनच्या किनाऱ्यावर तो बेकायदा होताच, पण तिथे कंपनीच्या लिलावातली अफूही तितकीच बेकायदा होती.) शिवाय दमणच्या धंद्यात मुंबईच्याच पेढ्यांचा पैसा होता.

अखेर कंपनीने करार सोडले आणि पास काढला: पेटीमागे १७५ रुपये भरा, सरळ मुंबईला या. पेटी साधारण ६३ किलोची. पासाला कोणी जकात म्हणतं, कोणी निर्यातकर. माझ्या मते दमणच्या आडवाटेला किती खर्च येतो, त्यावर बेतलेली ती रक्कम होती. आडवाट बंद पडेना म्हणून १८३५ मध्ये दर १२५ वर आला. १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि त्याच वर्षी दर २०० झाला; १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. सिंध अफूसाठीच घेतला, हे म्हणणं मला ताणलेलं वाटतं. पण कराचीची वाट बुजल्यावरच दर चढले, एवढं या आकड्यांत दिसतं.

पुढे पेट्या रेल्वेने येऊ लागल्या. १९०७ मध्ये चीनशी निर्यात टप्प्याटप्प्याने घटवण्याचा समझोता झाला आणि १९१३ मध्ये ती थांबली. आज माळव्यातल्या नीमच-मंदसौरकडे अफू सरकारी परवान्यावरच पिकते, आणि चीक सरकारलाच द्यावा लागतो. १८२० च्या दशकात कंपनीला हेच हवं होतं.