पेट्रोल भत्ता दिला म्हणजे येण्या-जाण्याची सोय झाली, असं नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा चिंचोळीत कुठल्याही कारखानदाराकडे कामगारांच्या येण्या-जाण्याचा विषय काढा, उत्तर ठरलेलं असतं. "आपल्याकडं सोय आहे की, पेट्रोल भत्ता देतो." पगारपत्रकं तपासणं हे माझं काम असल्यानं हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो. भत्ता आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो मालक त्या एकच समजतो, तो स्वतःचेच पैसे घालून माणसांना एकेकट्यानं गाडी काढायला लावतो आणि नंतर गेटसमोर पार्किंगला जागा नाही म्हणून वैतागतो.

भत्ता सगळ्यांना माहीत आहे. महिन्याला ठरलेली रक्कम, पगाराच्या पावतीवर एक ओळ, विषय संपला. सोय म्हणजे मालकानं माणसाला कामावर पोचवायचं आणि परत घरी सोडायचं ओझं काही अंशी तरी स्वतःकडे घेणं. मग ती भाड्याची बस असेल, टेम्पो ट्रॅव्हलर असेल, एसएमटीचा (महापालिकेच्या बसचा) किंवा एसटीचा पास असेल, नाहीतर एकाच पेठेतल्या चौघांची एका गाडीत बांधलेली मोट असेल.

हिशेबातले फरक आधी उरकून घेऊ, कारण ते तुमचे सीए दोन मिनिटांत सांगतील. वाहतूक भत्त्यावरची महिना १,६०० रुपयांची करसूट २०१८ च्या अर्थसंकल्पात गेली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट, म्हणजे पगारदारांना सरसकट मिळणारी वजावट आली. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीची सूट वेगळी आहे, ती राहिली. म्हणजे इतरांच्या बाबतीत हा भत्ता सरळ पगारात मोजला जातो. उलट, मालकानं घर ते कामाची जागा एवढ्या प्रवासासाठी गाडी पुरवली, तर प्राप्तिकर कायदा तिला कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ धरतच नाही. जीएसटीतही चालकासह १३ पेक्षा जास्त आसनांची गाडी असेल तर माणसं नेण्या-आणण्यावर भरलेल्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) मालकाला मिळू शकते. ही सवलत फेब्रुवारी २०१९ पासून आहे, तरीही लोक छोट्या गाड्या ठरवतात आणि वजावट मिळत नाही म्हणून कुरकुरतात. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण माणसं फसतात ती इथं नाही.

माणसं फसतात ती भत्त्याच्या अटीत. बहुतेक ठिकाणी पेट्रोल भत्त्याच्या अर्जाला आरसी बुकाची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची झेरॉक्स जोडावी लागते. म्हणजे पैसे कामावर येण्याचे मिळत नाहीत, गाडी बाळगण्याचे मिळतात. शेळगीतले दोघे शेजारी एकाच मोटरसायकलवर डबल सीट येत असतील, तर मागे बसणाऱ्याच्या नावावर गाडी नाही म्हणून त्याला शून्य. तो काय करणार? कर्ज काढून स्वतःची गाडी घेणार. मग एकाच गल्लीतून एकाच वेळी, एकाच गेटकडे दोन गाड्या निघणार आणि मालक म्हणणार, "पोरं ऐकत नाहीत, ज्याला त्याला आपली गाडी पाहिजे." त्यांना गाडी पाहिजे असं तुमचा अर्जच सांगतोय.

एकदा आकडे मांडून बघू. समजा साठ कामगार आहेत. चाळीस जणांकडे दुचाकी आहे, त्यांना महिना १,२०० प्रमाणे भत्ता, एकूण ४८,००० रुपये. उरलेले वीस जण शेअर रिक्षानं, बसनं, सायकलनं किंवा चालत येतात, त्यांना काही नाही. आता ही वीस माणसं कोण असतात ते तुमच्याच हजेरीपत्रकात बघा. टॉवेलच्या शिलाईला, घडीला, पॅकिंगला बसणाऱ्या बायका त्यात हमखास सापडतील. सगळ्यात कमी पगार त्यांचा, आणि रोज रिक्षाचे सुटे पैसे मोजणाऱ्याही त्याच. तेच ४८,००० साठ जणांत वाटले तर प्रत्येकी ८०० येतात. तुमचा खर्च एक रुपयानंही वाढला नाही. पण डबल सीट येणाऱ्या दोघांना मिळून १,६०० मिळतात, पेट्रोल मात्र एकाच गाडीचं लागतं. एकत्र येणं पहिल्यांदाच परवडायला लागतं.

मोटरसायकलचा हप्ता आणि विमा माणूस भरतोच, गाडी दारात उभी असली तरी. रोज सकाळी हात आखडतो तो फक्त पेट्रोलपाशी. तेवढाच खर्च तुम्ही उचलला, तर शेजाऱ्याला बरोबर घ्यायचं किंवा बस पकडायचं त्याला कारणच उरत नाही.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. कॅलिफोर्नियात १९९२ साली कायदा झाला. पार्किंगची जागा भाड्यानं घेऊन ती कर्मचाऱ्यांना फुकट देणाऱ्या मोठ्या मालकांनी, ज्यांना पार्किंग नको त्यांना तेवढी रक्कम रोख द्यायची, असं त्यात ठरलं. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकट्यानं गाडी चालवत येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ वर आलेलं दिसलं. गाडी वापरायला कुणी बंदी केली नव्हती. फक्त गाडीवाल्याला मिळणारा फायदा बिनगाडीवाल्यालाही मिळायला लागला. तिथं मोटारी आहेत आणि इथं मोटरसायकली, पण अट हीच आहे आणि तिचा परिणामही हाच.

अट काढली म्हणजे सोय झाली असं मात्र नाही, तेवढ्यानं फक्त नुकसान थांबतं. सोलापुरात गिरण्या शहराच्या पोटात होत्या तेव्हा भोंगा झाला की माणूस चाळीतून चालत निघायचा. आता कारखाने शहराबाहेर गेलेत. चिंचोळी एमआयडीसी पुणे रस्त्यावर, मोहोळच्या बाजूला. म्हणजे हायवेवर ट्रकांच्या मधून दुचाकी, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. घरंही लांब गेली आहेत. कुंभारीजवळ रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. कुंभारी अक्कलकोट रस्त्यावरच आहे आणि एक एमआयडीसीही त्याच रस्त्यावर. एका रस्त्यावर एवढी घरं आणि एवढी कामं असताना तीन-चार कारखान्यांनी मिळून एक बस ठरवायला काय अडचण आहे? पाळ्यांच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी मागेपुढे केल्या, तर एकच गाडी सगळ्यांची ने-आण करू शकेल.

बस लावूनही ती बंद पडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा परतीचं असतं. सकाळची फेरी सगळ्यांनाच जमते. संध्याकाळी ऑर्डर अडली, सुपरवायझरनं सहा जणांना ओव्हरटाइमला थांबवलं आणि बस सुटून गेली, की त्या सहा जणांचा बसवरचा विश्वास गेला. उद्यापासून ते गाडीच काढणार. एखाद्या बाईच्या पोराला दुपारी ताप आला, शाळेतून फोन आला, तर ती घरी कशी जाणार? या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तुमची सोय अर्धवट आहे. उत्तर महागही नाही. थांबवलेल्या माणसाला घरी सोडायचं रिक्षाभाडं कारखान्याचं, हा नियम लेखी लावा आणि मुकादमाकडे त्यासाठी पैसे ठेवा. ते रोज लागत नाहीत. पण ते आहेत हे माहीत असलं की माणूस निर्धास्त होऊन बसमध्ये बसतो.

रात्रीच्या बाबतीत तर भत्ता आणि सोय यांतला हा फरक कायद्यानंच केला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ (हा कारखान्यांना नाही, दुकानं-कार्यालयांना लागू आहे) याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीनं कामावर ठेवायचं असेल, तर तिच्या सुरक्षिततेबरोबरच तिला घराच्या दारापर्यंत सोडणारी वाहतूकही द्यावी लागते. तिथं "भत्ता दिलाय" हे उत्तर चालत नाही.

"बस लावली आणि अपघात झाला तर आमच्या गळ्यात," ही भीती खूप ठिकाणी ऐकू येते. पण कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्येच स्पष्ट तरतूद आली आणि त्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. विमाधारक कामगाराला घर ते कामाची जागा या प्रवासात अपघात झाला आणि वेळ, ठिकाण, परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध झाला, तर तो कामावरचाच अपघात धरला जातो. तो स्वतःच्या मोटरसायकलवर असला तरी. मालकाच्या गाडीतल्या प्रवासाचा तर कायद्यात वेगळा उल्लेखच आहे. तेव्हा बस न लावून जबाबदारी टळत नाही. मात्र गाडी ठरवताना पिवळ्या पाटीची, परवान्याची आणि प्रवासी विम्याचीच घ्या. स्वस्तात पडतं म्हणून वडापची (बेकायदा प्रवासी वाहतुकीची) जीप लावणं मला अजिबात मान्य नाही. त्यात माणसं कोंबून भरतात आणि खासगी गाडी भाड्यानं चालवली असेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. वर्षातून एकदा सायकल दिवस, टोप्या, बॅनर, फोटो. दुसऱ्या दिवशी सायकल ठेवायची जागा पत्र्याशिवाय उन्हात, आणि साहेबांच्या मोटारी शेडखाली. ज्याला खरंच सायकलवाले वाढवायचे आहेत त्यानं शेडमधली एक मोटारीची जागा सायकलींना द्यावी आणि घामेजून आलेल्या माणसाला तोंड धुवायला नळ द्यावा. बॅनरच्या खर्चात पत्रा येतो.

यातलं बसचं काम जुळवायला वेळ लागेल, शेजारच्या कारखान्यांशी बोलावं लागेल, पाळ्या बदलाव्या लागतील. भत्त्याची अट काढायला मात्र कुणाशीच बोलावं लागत नाही. पुढच्या महिन्याचं पगारपत्रक करताना आरसी बुकाची मागणी रद्द करा, तीच रक्कम सगळ्यांना सारखी लावा आणि नोटीस बोर्डावर लिहा, कामावर कसेही या, भत्ता मिळेल.