तालुक्याचा आकडा कुठून आणणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आले की पेपरात जिल्ह्यांची क्रमवारी येतेच, अमुक जिल्ह्यात कमी वजनाची मुलं चार टक्क्यांनी वाढली, तमुक जिल्हा खाली घसरला वगैरे, आणि त्यावर कुणीतरी म्हणतंच की सोळा लाखांच्या जिल्ह्यात नऊशे घरं विचारून काय कळणार! माझ्या मते बातमी पण चुकते आणि हा आक्षेप पण.

आक्षेप आधी. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं आहे याने फरक पडत नाही, शितं किती घेतली आणि कुठून घेतली याने पडतो. चूक, म्हणजे सर्व्हेचा आकडा खऱ्या आकड्यापासून जितका हुकू शकतो तो फरक, कमी होते ती नमुन्याच्या वर्गमुळाने, म्हणजे चूक निम्मी करायची तर नमुना चौपट हवा. सोळा लाख लोकसंख्या या गणितात जवळपास येतच नाही.

आता नंदुरबार घ्या. नऊशे घरांत पाच वर्षांखालची समजा ३०० मुलं सापडली आणि त्यातली ४५ टक्के कमी वजनाची निघाली. साध्या हिशोबाने चूक साडेपाच टक्के इकडे तिकडे. पण घरं जिल्हाभर विखरून निवडलेली नसतात, आधी गावं किंवा वॉर्ड निवडतात आणि प्रत्येक ठिकाणी साधारण २२ घरं घेतात, कारण टीमला फिरायला तेच परवडतं. एका पाड्यातल्या घरांची विहीर एक, अंगणवाडी एक, मजुरीची अडचण पण एकच, म्हणजे २२ घरं विचारली तरी नवी माहिती २२ घरांएवढी मिळत नाही. हे धरलं की चूक सातच्या आसपास जाते. आणि दोन सर्व्हेंची तुलना करायची तर दोघांच्या चुका मिळून दहाच्या जवळ. मग ‘चार टक्क्यांनी वाढली’ या हेडलाइनचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. सर्व्हेवाले बिचारे सांगतात सगळं, जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये २५ ते ४९ जणांवर बेतलेला आकडा कंसात असतो आणि २५ पेक्षा कमी असतील तर नुसता तारा. बातमीत येताना कंस गळून पडतो.

खरी पंचाईत तालुक्याला. शहाद्याचा उसाचा सपाट भाग आणि सातपुड्यातलं धडगाव यांची सरासरी काढून उपयोग काय, पण धडगावच्या वाट्याला त्या ३०० तली ४० मुलं आली तर ४५ टक्के म्हणजे ३० ते ६० मधलं काहीही.

इथे मला प्रचंड आवडणारी आयडिया येते. १९७९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फे आणि रॉजर हेरियट यांना हजाराहून कमी वस्तीच्या गावांचं दरडोई उत्पन्न हवं होतं, नमुना तुटपुंजा. त्यांनी इतर नोंदींवरून आधी एक अंदाज बांधला आणि सर्व्हेचा आकडा त्यात मिसळला, कुणाला किती वजन ते ज्याच्या त्याच्या चुकीवरून. समजा धडगावचा सर्व्हे म्हणतो ६०, चूक ८. रस्ते, साक्षरता, पाणी यांवरून केलेला अंदाज म्हणतो ४८, चूक ४ (ही चूक वरच्या ‘इकडे तिकडे’वाल्या आकड्याच्या साधारण निम्मी असते, हिला प्रमाण विचलन म्हणतात; ४० मुलांना तो आकडा १५ होता, म्हणून इथे ८). चुकांचे वर्ग ६४ आणि १६, म्हणून सर्व्हेला वजन ८० पैकी १६, म्हणजे पाचवा हिस्सा, आणि उत्तर साधारण ५०. नमुना मोठा झाला की सर्व्हेचं वजन आपोआप वाढतं. किती देखणं आहे हे!

अंगणवाडीत तर सगळ्याच मुलांचं वजन होतं मग तेच घ्या की, असंही विचारतात. तिथे नमुन्याची चूक नाही, पण वजनकाटा, न आलेली मुलं, आणि आकडा वाईट दिसला तर वरून विचारणा होईल ही भीती, हे सगळं आहे, आणि या चुका मुलं वाढवून कमी होत नाहीत. उपग्रहाच्या फोटोंवरून एआय गावागावाची गरिबी सांगेल असं म्हणणाऱ्यांना पण माझा एकच प्रश्न, ते ताडून कशाशी पाहणार?

फे-हेरियटची पण अडचण आहेच. तालुका खरोखरच जगावेगळा वाईट असेल तर ही पद्धत त्याला सरासरीकडे ओढते, आणि मदत नेमकी तिथेच हवी असते. शिवाय अंदाजासाठीची गावनिहाय माहिती जनगणनेतली, ती २०११ ची, पालघर जिल्हा झाला त्याच्याही आधीची. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोवर धडगावचा अंदाज सोळा वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवरून आणि नळांवरूनच निघणार.